काठावरचा आठ नंबर

आमच्या क्लबात मी कोणाला फारसा आवडत नाही, आणि त्यात कोणाचं काही चुकत नाही. मी पंच आहे. आठवडाभर दुकानांतले तराजू आणि वजनं तपासायची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलाशेजारी उभा राहून फाउल काढतो. दोन्हीकडे माणसं मला बघून जरा सावरून उभी राहतात आणि माझी पाठ वळली की काहीतरी पुटपुटतात. "लोकांच्या चुका काढायला तुम्हाला एक जन्म पुरायचा नाही," असं माझी बायको म्हणायची.

ती स्वतः कधी खेळली नाही, पण नियम तिला माझ्याइतकेच पाठ होते, कारण जेवताना मी दुसरं काही बोलत नसे. ते नियम ती माझ्यावरच उलटवायची. फाउल झाला तर तो पुढचा फटका बसायच्या आत सांगावा लागतो. नंतर कितीही आठवलं तरी उपयोग नाही. तो फाउल झालाच नाही असं धरतात. आदल्या दिवशीच्या भाजीत मीठ जास्त होतं असं मी कधी काढलं, की ती ताट पुढे सरकवत म्हणायची, "आता चालायचं नाही. पुढचा फटका बसलाय."

क्लब एका काचेच्या दुकानाच्या वर आहे. जिना अरुंद आणि त्याच्या भिंतीवर क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठ्यांच्या, टोकांचे ओरखडे. आत चार टेबलं, प्रत्येकावर एक लांबट दिवा इतका खाली सोडलेला, की खेळणाऱ्याचे हात लख्ख दिसतात आणि चेहरा सावलीत राहतो. हवेत निळ्या खडूची पूड असते. ती खिडकीच्या कडेवर साठते, चहाच्या कपाच्या काठावर साठते, नखांत जाते. शेवटचं टेबल खिडकीपाशी आहे आणि त्या खिडकीतून, रस्त्याच्या पलीकडे, हॉस्पिटलचा तिसरा मजला समोर दिसतो. इतकी वर्षं त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

टेबलावरचा बॉल खेळाडूंनी हातानं उचलायचा नाही. उचलणं, पुसणं, परत ठेवणं हे पंचाचं काम, आणि त्यासाठी मी पांढरे सुती हातमोजे घालतो. बायको ते वेगळे धुवायची. बोटांना लागलेला निळा खडू जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढायची आणि दोरीवर बोटं वर करून वाळत घालायची. शेजारच्या वहिनी एकदा त्यांना बघून दचकल्या होत्या. "आमच्या यांचे हात आहेत," हिनं त्यांना सांगितलं, "घरी आले की काढून ठेवतात, म्हणून तर घरात काही काम होत नाही."

मग तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला सगळं समजावलं, मी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर एवढंच लक्षात राहिलं की स्नायू सैल पडलाय आणि आता वाट बघायची. त्याच तिसऱ्या मजल्यावर, आयसीयूत, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ आत सोडत. बाकी दिवस बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काढायचा. माझी मेहुणी तिथे ठाण मांडून बसली होती. एकदा बायकोनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला ओढून मलाच सुनावलं, "इथे बसून माझे फाउल मोजू नका. समोर क्लब आहे, तिकडे उभे राहा. काही झालं तर ही फोन करेल."

आत असलो की मी तो मास्क बघत बसायचो. शेजारी यंत्र होतं, त्यावर हिरवी रेघ होती, आकडे होते. पण यंत्रं कशी चुकतात हे मला पोटापाण्यापुरतं माहीत आहे. मास्कच्या आत वाफ जमायची आणि विरायची, परत जमायची. मी त्या वाफेवर विश्वास ठेवला होता. ती जमायला जरा उशीर झाला की माझा श्वास अडकायचा.

पहिल्यांदा झालं ते एका साध्या सरावाच्या सामन्यात. दुपारची वेळ होती. एका बाजूला लांब्या होता. तो क्लबाच्या दारातून वाकून आत येतो, कुरियरचं काम करतो आणि प्रत्येक निकालावर माझ्याशी भांडतो. दुसऱ्या बाजूला डेंटिस्ट बाई. त्यांचा दवाखाना त्याच रस्त्यावर आहे आणि त्या खेळताना तोंडातून अवाक्षर काढत नाहीत. लांब्याचा लाल बॉल पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडायच्या भोकाच्या, दोन्ही कडांना धडकून अगदी काठावर थांबला.

अशा वेळी पंचानं पाच सेकंद मोजायचे असतात आणि तेवढ्यात कोणाला फटका मारू द्यायचा नसतो. पाचच्या आत बॉल पडला तर पडला. पण पाच सेकंद स्थिर राहून मग आपोआप पडला, तर तो पडलाच नाही असं धरायचं, उचलायचा आणि होता तिथे परत ठेवायचा. नियमात आहे म्हणून मला पाठ आहे. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं.

मी पाच मोजले. लांब्या चहा प्यायला बाजूला गेला. बाई क्यूच्या टोकाला खडू लावत होत्या. टेबलाजवळ कोणी नव्हतं. आणि बॉल पडला. पॉकेटखालच्या जाळीत टप् असा आवाज झाला.

"पडला," लांब्या लांबूनच म्हणाला. "माझा आहे. मोजा."

"मोजायचा नाही. पाच होऊन गेले होते."

"अहो पंच, जाळीत आहे तो. डोळ्यांनी दिसतोय."

"दिसू दे," मी म्हणालो. बॉल जिथे थांबतो तिथे कापडावर एक बारीक पांढरट ठिपका राहतो. तो ठिपका शोधून मी बॉल चिमटीत धरला, बरोबर त्याच्यावर ठेवला आणि हात अलगद काढून घेतला. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

"भाऊजी, या तुम्ही," मेहुणी म्हणत होती. "ताईचं हृदय थांबलं होतं. आता आहे. आता ठीक आहे म्हणतात, पण या."

मी रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. वर नर्स म्हणाली की त्यांनी काही करायच्या आतच ठोके परत सुरू झाले. असं सहसा होत नाही, असंही म्हणाली. मी तिचे आभार मानले, नशिबाचे आभार मानले, आणि संध्याकाळी आत सोडलं तेव्हा बायकोच्या पायांशी उभं राहून रडलो.

"रडताय काय," ती म्हणाली. आवाज फार खोल गेला होता. "मी पडले होते वाटतं."

"कॉटवरून?"

"नाही हो. खाली मऊ होतं, हिरवं. थोडा उतार होता. मग एकदम खाली काही नाही." ती थांबली, मास्कमध्ये वाफ जमली, विरली. "बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात कोणीतरी मला चिमटीत उचललं आणि परत ठेवलं."

"नर्स असेल."

"नर्स निळे हातमोजे घालतात. हा पांढरा होता, सुती." तिनं डोळे माझ्याकडे वळवले. "आणि बोटांच्या टोकांना निळं लागलं होतं. मी धुतलेला असता तर राहिलं नसतं."

माझे हातमोजे पँटच्या खिशात होते. ती आजारी पडल्यापासून ते मीच धूत होतो, आणि खडू काही निघत नव्हता.

मी देवभोळा माणूस नाही. ऑफिसातली लेव्हल, म्हणजे पाणसळ, घेऊन दुसऱ्या दिवशी मी क्लबात गेलो आणि टेबलाच्या लांबीत, रुंदीत, कोपऱ्याकोपऱ्यात ती ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. पॉकेटच्या काठाचं कापड झिजलेलं नव्हतं. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की मी टेबलाला गाल टेकवून पाहायचो. काही जाणवत नव्हतं. मालक हिशेबाच्या मेजावरून माझ्याकडे बघत होते. ते भले गृहस्थ आहेत, कधी कोणाला टोकत नाहीत. "पंच, घरी जाऊन झोपा थोडं," एवढंच म्हणाले. मीही स्वतःला तेच सांगत होतो. तिच्या अंगात औषधं होती, आयुष्यभर तिनं माझे हातमोजे पाहिले होते, ग्लानीत माणसाला ओळखीचंच दिसतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा झालं. टेबल वेगळं, पॉकेट मधलं, खेळाडू वेगळे. बॉल काठावर थांबला, मी पाच मोजले, खेळ पुढे गेला आणि मग कोणी हात न लावता तो जाळीत पडला. या वेळी तो उचलायला मी धावलो. ठेवला आणि खिशावर हात ठेवून उभा राहिलो. फोन वाजायच्या आधीच मला माहीत होतं की तो वाजणार आहे.

संध्याकाळी ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ओळखायला वेळ लागत होता.

"आपल्या घराचं दार," ती म्हणाली, "आत उघडतं का बाहेर?"

"आत."

"मला आठवेना. दुपारपासून आठवून बघतेय." तिनं माझं बोट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता. "अहो, तो माणूस परत आला होता. उचलून ठेवतो ना मला, तेव्हा दरवेळी माझं थोडं खालीच राहतं. काय राहतं ते मला सांगता येत नाही, पण राहतं. तुम्ही त्याला सांगा, पुन्हा पडले तर राहू दे म्हणावं."

"मी कोणाला सांगू?"

"तुमच्या ओळखीचाच असेल," ती म्हणाली, आणि किंचित हसली. ते हसणं अजून पूर्ण तिचं होतं. "सांगाल ना?"

"सांगतो."

"शब्द द्या."

मी शब्द दिला. तो पाळायचा माझा अजिबात विचार नव्हता. मला ती हवी होती. दार विसरलेली, मीठ विसरलेली, उद्या मलाही विसरलेली चालली असती, पण त्या मास्कमध्ये वाफ जमायला हवी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी फसवलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पंचाचं काम सोडावं असं एकदा मनात आलं होतं. पण मी नसताना एखादा बॉल पडला, आणि लांब्यासारख्या कोणी तो जाळीतून काढून सरळ खोक्यात टाकला, तर? मी रजा वाढवली. सकाळी हॉस्पिटलमधून निघून क्लब उघडायच्या आधीच जिन्यावर जाऊन बसू लागलो. चारही टेबलांवर मी नजर ठेवायचो. कुठे बॉल काठाजवळ आला की हातमोजे चढवून तिकडे जाऊन उभा राहायचो. पोरं माझ्या पाठीमागे हसायची आणि मग हसेनाशी झाली.

क्लबाच्या स्पर्धेचा अंतिम सामना दुपारी होता. खिडकीतून आलेलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत पोचलं होतं. लांब्या आणि डेंटिस्ट बाई. मालकांनी बाकीची टेबलं झाकून ठेवली होती आणि खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. सकाळीच डॉक्टर मला म्हणाले होते की आज जरा बऱ्या वाटतायत. मला ते ऐकून बरं वाटलं नव्हतं.

या खेळात एकाचे सात बॉल एकरंगी, दुसऱ्याचे सात पट्ट्यांचे. आपले सात घातल्याशिवाय काळ्या आठ नंबरला पॉकेटमध्ये घालायचं नाही. त्याआधी, किंवा आपल्या शेवटच्या बॉलबरोबर त्याच फटक्यात, तो गेला तर तुम्ही हरलात. शेवटी मात्र पॉकेट आधी दाखवून तो घालायचा, की जिंकलात.

लांब्याच्या दुसऱ्याच फटक्यात आठ नंबर गडगडत गेला आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पॉकेटच्या काठावर थांबला. जवळजवळ अर्धा बाहेर. खाली जाळी दिसत होती.

मी पाच मोजले. माझा आवाज मलाच परका वाटला. बॉल थांबला होता.

पुढचा सगळा खेळ दोघांनी त्या कोपऱ्यापासून जपून केला. क्यूनं मारायचा पांढरा बॉल तिकडे वळला की खोलीतली सगळी माणसं पुढे झुकत. मी कोपऱ्यापाशीच उभा होतो. काळ्या बॉलवर दिव्याचं प्रतिबिंब होतं, खिडकीचं होतं, आणि त्या खिडकीत समोरच्या इमारतीचा तिसरा मजला इवलासा दिसत होता. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. आपोआप पडला तर मी उचलून ठेवीन. पण कोणी नियमानं घातला, तर तो मला परत ठेवता येणार नाही.

लांब्या चुकला. बाई उठल्या. त्यांचे दोन बॉल उरले होते. पहिला गेला. दुसरा त्यांनी लांबून, हळूच, मधल्या पॉकेटमध्ये सोडला. आता टेबलावर त्यांच्यासाठी फक्त काळा होता.

क्यूचं टोक त्यांनी माझ्या कोपऱ्याकडे केलं. "तिथे," त्या म्हणाल्या.

इतका सोपा फटका की लहान मुलानंही मारला असता. त्या वाकल्या, आणि तशाच थांबल्या.

"पंच, बॉलवर काहीतरी आलंय. पुसून देता का?"

मी वाकून पाहिलं. काळ्या चकाकीवर एक धुरकट गोल डाग होता. मी बघत असतानाच तो कडेनं आक्रसत गेला आणि नाहीसा झाला.

"काही नाही," मी म्हणालो.

"आत्ता होतं."

"आता नाही."

त्या पुन्हा वाकल्या. क्यू मागे गेला.

"थांबा," मी म्हणालो.

"काय झालं?"

"हलला तो. आपोआप. मला पाच मोजायला हवेत."

तो हलला नव्हता. एवढ्या वर्षांत टेबलापाशी मी पहिल्यांदा खोटं बोललो होतो. बाई सरळ झाल्या, क्यू जमिनीला टेकवून उभ्या राहिल्या. मी हात वर केला.

"एक," मी म्हणालो. "दोन. तीन."

खाली काचेच्या दुकानात काहीतरी कापत होते. त्याचा किरकिर आवाज येत होता.

"चार."

पाच माझ्या तोंडातून निघेना. पाच म्हटलं की त्या खेळणार होत्या. मी हात वर करून तसाच उभा राहिलो. लांब्यानं घसा खाकरला. कोणीतरी खुर्ची सरकवली.

"पंच," मालक हळूच म्हणाले, "पाच म्हणा."

मी म्हटलं नाही.

बॉल पडला.

टप् असा आवाज झाला. मग लांब्या उठला. "पाचच्या आत," तो म्हणाला. "तुम्ही पाच म्हणालाच नाहीत. म्हणजे बाईंच्या मागच्याच फटक्यावर पडला तो. पडला तर पडला. मी जिंकलो."

त्याचं बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं अगदी बरोबर होतं. मी पाच म्हटलं असतं तर नियमानं मला तो उचलता आला असता. मीच मोजणं अडवून ठेवलं होतं, आणि आता नियम सांगत होता की तो गेला. बायकोनंही तेच सांगितलं होतं. राहू दे म्हणावं.

खिशात फोन थरथरू लागला. मी तो कानाला लावला. मेहुणी नुसती रडत होती. मागे पावलांची धावपळ ऐकू येत होती.

मी जाळीत हात घातला.

"पंच, काय करताय?" लांब्या म्हणाला.

बॉल हातमोज्यातूनही कोमट लागला. मी ठिपका शोधला. बॉल दोनदा ठिपक्यावरून सरकला. तिसऱ्यांदा बसला. मी बोटं काढून घेतली.

फोनमधलं रडणं थांबलं. "भाऊजी," मेहुणी म्हणाली. "आली. डोळे उघडलेत तिनं."

"सामना थांबवतोय," मी सगळ्यांना म्हणालो. "बॉल आहेत तसेच राहतील. कोणी टेबलाला हात लावायचा नाही."

लांब्या काहीतरी बोलणार होता, पण त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसला. बाईंनी क्यू भिंतीला लावला. "तुम्ही जा तिकडे," त्या म्हणाल्या. "बॉल कुठे पळून जात नाही."

तिचे डोळे उघडे होते. मी समोर उभा राहिलो तरी ते माझ्यावर आले नाहीत. मी हाक मारली, दाराबद्दल सांगितलं, आत उघडतं म्हणालो. हिरवी रेघ नीट चालली होती. डॉक्टर म्हणाले की एवढी स्थिर ती आल्यापासून कधी नव्हती, आणि श्वासही छान चाललाय.

मास्क स्वच्छ होता. आरपार दिसत होतं, तिचे ओठ, ओठांवरची भेग, सगळं. मी वाट पाहिली. मी नर्सला मास्क बदलायला लावला. नवा मास्कही स्वच्छच राहिला. एसीमुळे असेल, नर्स म्हणाली.

ते तसंच आहे अजून. ती कॉटवर डोळे उघडे ठेवून पडलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी मी तिच्याकडे जातो, पण तिथे फार वेळ थांबवत नाही. बाकी दिवस मी इथे असतो. मालकांनी खिडकीजवळच्या टेबलाभोवती खुर्च्या लावून वाट अडवली आहे. आधी लोक विचारायचे, आता विचारत नाहीत. लांब्यानं यायचं बंद केलं. मधून मधून तो काळा बॉल पडतो. मी तो उचलून ठेवतो. पाच मोजायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

काल डेंटिस्ट बाई दवाखान्यातूनच आल्या. अंगावर पांढरा कोट तसाच होता. मला वाटलं, राहिलेला फटका मागायला आल्या. मी खुर्च्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये जाऊन उभा राहिलो आणि त्यांच्यापुढे हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही. पाया पडतो असंही म्हणालो असेन.

त्यांनी मला हलकेच बाजूला केलं. कोपऱ्यापाशी वाकून त्या बराच वेळ काळ्या बॉलकडे बघत राहिल्या. मग सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी दिवसभर लोकांच्या तोंडात आरसा धरते," त्या म्हणाल्या. "आरशावर श्वासाची वाफ अशीच येते. ही दुसऱ्या कशाची असेल असं मला वाटत नाही."

मी खुर्ची परत वाटेत सरकवली.

"मी हा फटका खेळणार नाही," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

आता दुपार आहे. ऊन टेबलाच्या पायाशी आलंय. खाली काच कापण्याचा आवाज थांबलाय. हातमोजे काढून मी कोपऱ्याशी खुर्ची ओढून बसलोय, गाल कापडाजवळ नेऊन. काळ्या चकाकीवर वाफेचा एक लहान गोल उमटतो, कडेनं आक्रसतो, विरतो. परत उमटतो. तिची लय मला पाठ आहे.

"अगं," मी म्हणालो, "ऐकतेस का?"

वाफ उमटली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिली. मग विरली. मी वाट पाहिली. पुढची आली नाही. बॉल ठिपक्यावरून केसभर पुढे, पॉकेटकडे सरकला.

मी हातमोजे चढवले.